घट बसायच्या आधी धुतलेली झूल

सांगली स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान होतं आणि त्यात मी घोड्यांच्या पावसाळी झुली शिवायचो. हे वाक्य नुसतं लिहितानाही जुनी सवय आड येते आणि कान तापतात. झूल म्हटलं की लोकांना बेंदराला बैलाच्या पाठीवर टाकतात ती आरसे लावलेली झूल आठवते. माझी तसली नव्हती. जाड कॅनव्हासची, मेण आणि जवसाचं तेल पाजलेली, मातकट रंगाची, वासाला उग्र. घोड्याचा रेनकोट म्हणा. सगळेच म्हणायचे.

इस्लामपूरला मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मामांनी 'कापडाचा धंदा आहे' एवढं सांगून वेळ मारून नेली होती. पोहे येईपर्यंत सगळं ठीक चाललं. मग मुलीच्या चुलत्यांनी विचारलं, "कापड म्हंजी? साड्या का धोतरं?" मामा नुसते खाकरले. मी खाली बघत म्हणालो, "घोड्याचं." आतून कुणीतरी फिसकन हसलं. हसणारी ती मुलगीच होती आणि पुढे तिनंच मला होकार दिला, पण त्या दिवशी धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी बरीच वर्षं या धंद्याची लाज बाळगली. ती लाज किती किरकोळ होती ते ज्या प्रसंगानं कळलं, तो सांगायला हा लेख लिहितोय. संपादकांनी 'काहीतरी गमतीचं द्या' म्हटलं होतं. तेव्हा गंमत आधी उरकून घेतो.

साठच्या दशकात सांगलीत टांगे भरपूर. स्टेशनवर, पेठेत, माधवनगरच्या वाटेवर, जिकडे बघावं तिकडे टांगा. पाऊस आला की माणूस छत्री उघडतो, टांग्यात बसलेल्या गिऱ्हाइकाला छप्पर असतं, आणि ज्याच्या जिवावर हे सगळं चालतं तो घोडा उघड्यावर उभा. धावून तापलेल्या अंगावर गार पाणी पडलं की त्याला हुडहुडी भरते. छातीत सर्दी उतरली तर घोडा जातो, वाचला तरी दमेकरी होतो. म्हणून झूल. माझे वडील तंबू आणि ताडपत्र्या शिवायचे. ते लवकर गेले, मी मोठा झाल्यावर मशीन माझ्याकडे आलं आणि टांगेवाले गिऱ्हाईक म्हणून चिकटले.

झूल निवडायची कशी, हे मी आजही झोपेत सांगेन. आधी पाठीचा मधला भाग बघायचा. तिथं शिवण असेल तर झूल परत द्यायची, शिवणारा कितीही गोड बोलू दे. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला उघडं दार, आणि पाणी सगळ्यात जास्त पडतं ते पाठीच्या कण्यावर. कापड अखंड हवं, जोड द्यायचाच तर तो खाली कुशीला. मग माप. छातीच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत. आखूड झूल कंबर उघडी टाकते आणि लांब झूल पायात येते. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो तिथं कापड घासतं, म्हणून आतून नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, मऊ तुकडा लावायचा. पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, असा बांधायचा की हाताचा पंजा आत सहज गेला पाहिजे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी, की जी झूल पाणी आत येऊ देत नाही ती घामही बाहेर जाऊ देत नाही. तापलेल्या घोड्यावर तशीच टाकली तर घोडा आतल्या आत भिजतो. आधी त्याला फिरवायचं, वाळल्या गवतानं अंग चोळायचं, आत घोंगडी टाकायची आणि मग वर झूल. मधून मधून खाली हात घालून बघायचं. कानाच्या मुळाशी हात लावायचा, कान गार लागले तर घोडा गारठला.

निगा तर त्याहून सोपी. चिखल वाळू द्यायचा आणि ब्रशनं झाडायचा. फार झालं तर गार पाणी. झूल ओली असताना घडी करायची नाही, उन्हात टाकायची नाही, सावलीत आडव्या बांबूवर पसरायची. साबण, सोडा आणि ऊन पाणी, हे तिघं झुलीचे वैरी. मेण निघून जातं आणि राहतं ते फडकं. हे मी टांगेवाल्यांना इतक्या वेळा ओरडून सांगायचो की स्टेशनवर माझं नाव 'सोडा मास्तर' पडलं होतं.

विक्षिप्त गिऱ्हाइकं तर विचारू नका. सांगलीतला एक वरातीचा घोडेवाला होता. त्याला पावसाळी झुलीला चारी बाजूंनी जरीची झालर हवी होती. मी म्हटलं, अरे बाबा, एवढ्या टाक्यांतून पाणी आत जाईल. तर म्हणाला, "जाऊ दे की मास्तर. नवरदेव काय घोड्याखाली बसतोय व्हय?" साताऱ्यात एक निवृत्त सुभेदार होते. घोड्यावर त्यांचा एवढा जीव, की त्यांनी झूल आषाढात चढवली ती उतरवलीच नाही. मी गेलो तेव्हा घोड्याच्या पाठीचे केस झडून कातडी ओलसर झाली होती आणि वास सुटला होता. "सुभेदारसाहेब, जरा वारा लागू द्या," म्हटलं तर मिशीवर हात फिरवत म्हणाले, "मला शिकवतो रं? मी पलटणीत असताना तुजा बा रांगत हुता." बापाचं वय काढल्यावर मी गप्प बसलो. पण दुसऱ्या दिवशी बघतो तर घोडा मोकळ्या अंगानं लिंबाखाली उभा होता आणि सुभेदार खराऱ्यानं त्याचं अंग घासत त्याची माफी मागत होते.

सातारा, वाई, पाचगणीकडे मी वर्षातून एकदा जायचो. पावसाळा सरत आला की तिकडचे तट्टूवाले हंगामाच्या आधी झुली दुरुस्तीला काढत. भाद्रपदाच्या शेवटी निघायचं आणि खंडेनवमीला मशीनची पूजा करायला घरी परतायचं, असा माझा शिरस्ता होता. ज्या वर्षाबद्दल सांगणार आहे त्या वर्षीही तसंच गेलो होतो. बायको बाळंतपणाला इस्लामपूरला माहेरी होती. घरी आई एकटी.

आता नामदेव कांबळेबद्दल सांगतो. नामदेव मूळ कुंडलकडचा. त्याच्या घरानं छप्पन साली बौद्ध धर्म घेतला आणि गावकीची कामं टाकली. गावाला ते रुचलं नाही, तेव्हा नामदेव बायकामुलांना घेऊन सांगलीत आला आणि पै-पै जमवून त्यानं टांगा केला. मी एकदा सहज विचारलं होतं, हाच धंदा का घेतलास? घोडीच्या मानेवर थाप मारत तो म्हणाला होता, "मेलेली ढोरं वडायचं सोडलं मास्तर. आता जितं जनावर हाकतो." घोडीचं नाव शेवंती. रंगानं तांबूस, कपाळावर पांढरा टिळा, आणि मालकासारखीच मानी. शेवंतीला दुसऱ्या टांग्याच्या मागे राहायला आवडायचं नाही आणि नामदेवला ते फार आवडायचं. जिभेचा तिखट होता. भांडायला लागला की स्टेशनवरचे हमाल काम टाकून ऐकायला उभे राहत. वयानं माझ्याहून चांगला मोठा. तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला अहो-जाहो. तेव्हा हे कुणाच्या नजरेत खुपत नसे, माझ्याही नाही.

त्याची झूल मीच शिवली होती. दर वर्षी पाऊस ओसरला की सगळे टांगेवाले आपापल्या झुली माझ्याकडे टाकत. मी त्या झाडून, फाटलं-उसवलं शिवून, मेणाचा नवा हात देऊन सोप्यात खुंट्यांवर टांगून ठेवायचो. दुकान पुढे आणि घर मागे, मध्ये हा सोपा. त्या वर्षी साताऱ्याला निघायच्या आधी मी एकट्या नामदेवच्या झुलीला मेण दिलं. त्याला घाई होती. दसऱ्याला कुंडलला त्याच्या लोकांचा मेळावा होता, बौद्ध धर्म घेतला तो दिवस म्हणून, आणि बायकामुलांना आपल्या टांग्यातून तिथं न्यायचं त्यानं ठरवलं होतं. गावातून पायी निघालो होतो, आता टांग्यातून शिरणार, असं तो स्टेशनवर सगळ्यांना सांगत होता. "हस्त हाय मास्तर, वाटंत गाठलं तर घोडी भिजाय नगं," म्हणाला. मी म्हटलं, "निश्चिंत राहा. थेंब आत जाणार नाही." बाकीच्या झुली परत आल्यावर बघू म्हणून तशाच चिखलानं माखलेल्या ठेवल्या आणि मी साताऱ्याची एसटी धरली.

खंडेनवमीला दुपारी घरी पोचलो. सोप्यात आलो आणि सवयीनं खुंट्यांकडे नजर गेली. सगळ्या झुली जागच्या जागी होत्या, शेणामातीच्या वासासकट. नामदेवची खुंटी रिकामी.

"कांबळे आला होता का?" मी आईला विचारलं.

आई आतून फराळाची ताटली घेऊन आली. मोठ्या समाधानात होती. "आला की. परवा नेली त्यानं. लय खूश झाला बघ. मी काय तसलीच दिली न्हाई. सोड्याच्या पाण्यात उकळली, नदीवर न्हेऊन आपटली, पांढरीफेक करून दिली."

मी ताटली घेतलीच नाही. "धुतलीस? का धुतलीस?"

"आरं, घट बसायचे हुते. देवी येणार घरात."

नवरात्राच्या आधी घरातलं झाडून सगळं धुवायचं, अंथरूण-पांघरूण नदीवर न्यायचं, ही रीत आमच्याकडे घरोघरी. आईनं त्या झोकात गिऱ्हाइकाच्या झुलीलाही हात घातला, असं मला वाटलं. क्षणभर बरंच वाटलं. भोळेपणाची चूक, दुसरं काय. मग मी खुंट्यांवर ओळीनं टांगलेल्या त्या मळक्या झुलींकडे बघितलं.

"आणि बाकीच्या? या नाही धुतल्यास त्या?"

आईनं माझ्याकडे बघितलं, मग झुलींकडे बघितलं. तिला खरंच प्रश्न कळला नव्हता.

"त्यास्नी काय झालंय?" ती म्हणाली.

त्यात पाटलांची झूल होती, बाजारपेठेतल्या दोघांच्या होत्या, स्टेशनवर टांगा लावणाऱ्या हुसेनभाईंचीही होती. एकीलाही पाणी लागलेलं नव्हतं. आणि तेव्हाच आणखी एक गोष्ट ध्यानात आली. त्या सगळ्या झुली मी देवघराच्या बाजूच्या भिंतीला लावल्या होत्या आणि नामदेवची एकटी बाहेरच्या दाराजवळ, शेवटच्या खुंटीवर. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. मी तसा विचारही केला नव्हता. हातच तिकडे गेला होता, दर वर्षी जायचा. आईला ती झूल शोधावी लागलीच नाही.

"त्यानं विचारलं का काही?"

"इचारलं की, मेण लावलंय न्हवं म्हणून. म्या म्हटलं, लावलंय, माझ्या डोळ्यांदेखत लावलंय मास्तरनं."

ती खोटं बोलली नव्हती. मेण मी तिच्या डोळ्यांदेखत लावलं होतं. मग तिनं ते धुऊन काढलं, पण धुण्यानं मेण जातं हे तिला कुठे माहीत होतं? मी साऱ्या सांगलीला ओरडून सांगत होतो. घरात सांगायची गरज वाटली नव्हती.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. मी दुकानातली एक नवी झूल उचलली, एक कोरडी घोंगडी काखेत मारली आणि स्टेशनवर गेलो. नामदेव नव्हता. हुसेनभाई म्हणाले, "न्याहारी करून निकल गया. पोरांना नवे कपडे, घोडीला गोंडे. आज बादशहा हाय तो." मी पलूसवरून कुंडलला जाणारी एसटी पकडली. मशीनची पूजा राहिली. आई दारातून हाक मारत होती ती ऐकू आली, पण मी मागे बघितलं नाही.

नांद्रे ओलांडलं आणि पावसानं गाठलं. हस्ताचा पाऊस कसा पडतो ते आमच्या भागातल्यांना सांगायला नको. काचेतून बाहेरचं दिसेना. मी कंडक्टरशेजारी उभा राहून रस्त्यावर टांगा दिसतोय का ते बघत होतो आणि मनात म्हणत होतो, पोचला असू दे, कुठल्यातरी छपराखाली असू दे. पलूसच्या पुढे रस्त्याकडेला चिंचेखाली टांगा सोडलेला दिसला. मी घंटीची दोरी स्वतःच ओढली. कंडक्टरनं शिवी दिली ती रास्तच होती.

नामदेवनं काही म्हणजे काही चुकवलं नव्हतं. पाऊस येतोसं दिसल्यावर त्यानं घोडी सोडली, फिरवून निववली, गवतानं अंग चोळलं, आत घोंगडी टाकून वर माझी झूल बांधली, तंगात पंजा घालून बघितला आणि बायकामुलांबरोबर टांग्याच्या छपराखाली बसला. झूल बाहेरून भिजलेली दिसते, दिसणारच. म्हणून तो स्वस्थ होता. इकडे पाणी सरळ आत झिरपत होतं. घोंगडी पाण्यानं जड होऊन पाठीला चिकटली होती आणि वर गार वारा सुटला होता. झूलच नसती तर घोडीनं अंग झाडून तरी पाणी उडवलं असतं. तो हात घालून बघायला उठला तोवर शेवंती थरथरायला लागली होती. मी पोचलो तेव्हा तिचे चारी पाय हलत होते आणि नामदेव स्वतःचं धोतर फाडून तिची छाती चोळत होता.

रस्त्याच्या पलीकडे थोड्या अंतरावर एक देऊळ होतं. त्याच्या ओवरीत गाडीवान आणि त्यांचे बैल कोरडे उभे होते. नामदेव तिकडे का गेला नव्हता हे मला विचारावं लागलं नाही.

"मास्तर?" मला बघून तो चकित झाला. मग त्याच्या डोक्यातला राग एकदम बाहेर आला. "आवं, थेंब आत जाणार न्हाई म्हणालासा न्हवं? हे बघा! हे काय केलंसा? पांढरी नि मऊ लागली तवा मला वाटलं मास्तरनं काय तरी नवी युक्ती केली. हितं सगळी घोडी भिजली माजी!"

मी झूल सोडली, ओली घोंगडी ओढून फेकली आणि तिच्या अंगाला हात लावला. कान बर्फासारखे गार. आम्ही दोघं दोन बाजूंनी चोळायला लागलो. कोरडी घोंगडी टाकली, वर नवी झूल बांधली. त्याची बायको तानूबाई लहान पोराला पदराखाली घेऊन बाजूला उभी होती.

"मी मेण लावलं होतं नामदेवा," मी म्हणालो. "मी गेल्यावर आईनं धुतली. सोड्यात."

त्याचा हात चालूच होता. "कशापाई?"

"घट बसायचे होते म्हणून."

त्यानं मान हलवली. एवढ्यावर सुटलो असं मला वाटलं. बायामाणसांना काय कळतंय, असं काहीतरी तो म्हणेल आणि आम्ही दोघं तिला नावं ठेवू, असंही वाटलं असेल. त्यानं घोडीच्या पाठीवरून माझ्याकडे बघितलं.

"समद्याच धुतल्या?"

पाऊस जोरात होता. ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं.

"नाही," मी म्हणालो.

"मग?"

"तुझीच."

ज्या माणसाचं भांडण ऐकायला स्टेशनवरचे हमाल काम टाकून उभे राहायचे, तो एक शब्द बोलला नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी उभ्या उभ्या ऐकून घेतल्या असत्या, बरं वाटलं असतं. बोलली ती तानूबाई. तिनं पुढे येऊन नव्या झुलीचा तंग धरला. "काढा ही बी," ती म्हणाली. "आमाला नगं तुमचं काय. धुऊन घ्या जावा."

"ऱ्हाऊ दे," नामदेव तिला म्हणाला. "थंडी तिला वाजतीया. आपल्याला न्हवं."

तानूबाईनं तंग सोडला, पण माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही. पाऊस कमी झाला तरी घोडीला टांग्याला जुंपणं शक्यच नव्हतं. शेवटी नामदेवनं स्वतः दांड्या धरल्या. मी मागून ढकलत होतो, तानूबाई घोडीला धरून चालत होती आणि नवे कपडे घातलेली पोरं चिखलातून मागे येत होती. ज्या गावात टांग्यात बसून मानानं शिरायचं होतं, तिथं तो असा टांगा ओढत शिरला. वेशीपाशी मला म्हणाला, "आता जावा मास्तर. हितनं फुडं आमची माणसं हायेत." तो दिसेनासा होईपर्यंत मी तिथंच उभा होतो, भिजत. माझ्याजवळ छत्री नव्हती आणि असती तरी उघडली नसती.

शेवंती वाचली. दिवाळी होऊन गेल्यावर ती सांगलीत परत आली, पण छाती कायमची खरखरली. थोडं पळाली की खोकायची. माधवनगरची लांबची भाडी नामदेवला सोडावी लागली. तो स्टेशन ते पेठ एवढंच करायला लागला आणि इतर टांगे शेवंतीच्या पुढून जायला लागले. ती मान टाकून त्यांच्याकडे बघायची. मला रोज स्टेशनवरून जावं लागे. काही दिवस मी मागच्या गल्लीनं जायला लागलो.

आईशी मी बोलायचा प्रयत्न केला. तिनं ऐकून घेतलं, घोडीचं ऐकून तिच्या डोळ्यांत पाणीही आलं. "मला काय ठावं रं, मेण जातंय म्हणून? न्हाईतर म्या कशाला लावला असता सोडा?" ती म्हणाली. मी म्हटलं, "मेणाचं नाही म्हणत मी. त्याचीच का धुतलीस ते विचारतोय." ती गोंधळली. मग जरा दुखावून म्हणाली, "दुसऱ्या कुणी हात बी लावला नसता. म्या माझ्या हातानं धुतली. मग अंघुळ केली." आपण त्याच्यावर उपकार केले असंच तिला वाटत होतं. माझी आई वाईट बाई नव्हती. वडील गेल्यावर तिनं लोकांची वाळवणं करून मला वाढवलं, दारात आलेल्याला उपाशी पाठवलं नाही. ती वाईट असती तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. मला तिची लाज वाटली आणि तिची लाज वाटली म्हणून स्वतःची वाटली, आणि शेवटच्या खुंटीवर ती झूल अडकवणारा हात तर माझाच होता. त्या खुंट्या मी उपटून काढल्या आणि झुली टांगायला दुकानात बांबू बांधला. आईनं विचारलं, सोपा मोकळा का केलास? मी म्हटलं, वास येतो.

पुढच्या वर्षीचा पावसाळा सरला. टांगेवाले एकेक करून झुली टाकून जाऊ लागले. नामदेव येईल असं मला वाटत नव्हतं. मिरजेला दुसरा शिवणारा होता, तो तिकडेच जाईल असं मी धरून चाललो होतो. पण पितृपक्षात एक दिवस दुपारी टांगा दुकानासमोर थांबला आणि नामदेव खाली उतरला. हात रिकामे होते. दुकानात त्या वेळी पाटील बसले होते, हुसेनभाई होते, आणि आई दाराशी बसून वाती वळत होती. मी म्हटलं, "या नामदेवराव." त्याला असं मी पहिल्यांदाच म्हणालो, आणि तेही सगळ्यांच्या लक्षात आलं म्हणून मला चोरट्यासारखं झालं.

तो आत आला नाही, पायरीखालीच उभा राहिला. "बसत न्हाई मास्तर. झुलीचं सांगाय आलो हुतो." मग माझ्याकडे न बघता आईकडे बघून म्हणाला, "आई, औंदा झूल घट उठल्यावर आणून टाकतो. आदी न्हाई आणत. तुमास्नी धुवाय लागती."

त्याच्या बोलण्यात टोमणा होता का? मी आजवर विचार करत आलोय. आवाज तर साधाच होता. पाटील पान लावत होते, त्यांनी मान वर केली नाही. मला काहीतरी बोलायचं होतं. आताच आण म्हणायचं होतं, आत ये म्हणायचं होतं. मी सुईत दोरा ओवत राहिलो.

आईच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. तिनं वातींचं ताट बाजूला सारलं आणि अगदी मनापासून, माया करावी तसं ती म्हणाली, "बरं केलंस रं बाबा आपणहून सांगितलंस. शाना हायेस."

"व्हय आई," नामदेव म्हणाला आणि टांग्यावर चढला. शेवंती खोकत खोकत निघाली. आई पुन्हा वाती वळायला लागली, आणि तेवढ्या माणसांत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.